हलके वजन, आवळलेला पट्टा: दुखापतीनंतर स्नायूंची ताकद परत आणण्याची पद्धत

मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या भागाला हवेचा पट्टा बांधतात, त्यातला दाब मोजून ठरावीक पातळीवर आणतात आणि तो दाब कायम ठेवून हलक्या वजनाचा व्यायाम करून घेतात. या पद्धतीला ‘ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन ट्रेनिंग’ म्हणतात; फिजिओथेरपिस्ट आणि खेळाडू तिला थोडक्यात बीएफआर म्हणतात. पट्ट्यामुळे धमनीतून हातापायात येणारे रक्त कमी होते, पण थांबत नाही. शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्त मात्र बऱ्याच अंशी अडते. या अवस्थेत स्नायूला त्याच्या कमाल क्षमतेच्या २० ते ४० टक्के एवढेच वजन दिले, तरी तो जड वजन उचलल्यासारखा दमतो आणि काही आठवड्यांत जाड व बळकट होऊ लागतो. कमाल क्षमता म्हणजे एकदाच, जेमतेम उचलता येईल इतके वजन.

ही पद्धत लागते ती एका जुन्या पेचामुळे. स्नायू वाढवायचा आणि ताकद कमवायची, तर कमाल क्षमतेच्या साधारण ६० ते ७० टक्के किंवा त्याहून अधिक वजन हवे, हा व्यायामशास्त्राचा प्रस्थापित नियम आहे. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला, जुळत असलेल्या हाडाला किंवा झिजलेल्या कूर्चेला नेमके तेवढे वजन सोसत नाही. सांध्याला विश्रांती द्यावी, तर स्नायू वितळतो. स्नायूला काम द्यावे, तर सांधा सुजतो.

स्नायू वितळण्याचा वेग ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवून मोजमाप केले. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचे, म्हणजे क्वाड्रिसेप्सचे, आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटले आणि ताकद ९ टक्क्यांनी. चौदा दिवसांनंतर आकारातली घट ८ टक्क्यांच्या पुढे गेली आणि ताकदीतली २३ टक्क्यांच्या आसपास. ही मंडळी निरोगी होती. ज्याच्या गुडघ्याला खरोखर इजा झाली आहे, त्याच्या बाबतीत आणखी एक भर पडते. सांध्यात पाणी साचले की तिथल्या संवेदना मज्जारज्जूकडे जातात आणि क्वाड्रिसेप्सला मिळणारा आदेशच दुबळा होतो. रुग्ण मनापासून मांडी आवळायचा प्रयत्न करतो, स्नायू पुरेसा आवळला जात नाही. गुडघ्याचा पुढचा क्रूसबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो नव्याने बसवल्यानंतर वर्ष उलटून गेले तरी दोन मांड्यांच्या ताकदीतला फरक अनेकांत टिकून राहतो. त्याची सुरुवात शस्त्रक्रियेनंतरच्या या पहिल्या आठवड्यांत होते.

या पद्धतीचा उगम जपानमधला. १९६६ साली योशिआकी सातो हा अठरा वर्षांचा तरुण एका बौद्ध श्राद्धविधीला गेला होता. जपानी रीतीप्रमाणे गुडघे दुमडून, टाचांवर भार देऊन बराच वेळ बसल्यावर त्याच्या पोटऱ्यांना मुंग्या आल्या आणि त्या भरून आल्यासारख्या वाटू लागल्या. व्यायामाचा नाद असल्याने त्याच्या लक्षात आले की पोटऱ्यांचा जोरदार व्यायाम केल्यावर असेच वाटते. बसण्यामुळे रक्त अडले आणि त्यामुळे ही अवस्था आली, असा तर्क त्याने केला. पुढची काही वर्षे त्याने सायकलची ट्यूब, दोऱ्या आणि पट्टे स्वतःच्या हातापायांना वेगवेगळ्या ताणाने बांधून पाहिले. त्या काळात अति आवळल्यामुळे फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून त्याला रुग्णालयातही जावे लागले. १९७३ साली स्कीइंग करताना त्याचा घोटा मोडला आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखावले. पायाला प्लास्टर असताना मांडीला पट्टा बांधायचा, थोडा वेळ आवळायचा, सोडायचा, असे तो रोज करत राहिला. प्लास्टर निघाले तेव्हा पाय अपेक्षेइतका बारीक झालेला नव्हता, असे त्याने नोंदवले आहे. त्याने या पद्धतीला ‘काआत्सु’ हे नाव दिले आणि १९८० च्या दशकात ती लोकांसमोर आणली.

एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे. सातोच्या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली ती टोकियो विद्यापीठात नाओकाता इशी, युदाई ताकाराडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत तिची तपासणी सुरू केल्यावर. २००० साली त्यांचे निबंध एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले आणि जपानबाहेरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागले.

पट्ट्याखालच्या स्नायूत काय घडते, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. स्नायू अनेक तंतूंचा बनलेला असतो आणि ते सगळे एकाच वेळी कामाला लागत नाहीत. हार्वर्डमधल्या एलवुड हेनेमन यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत दाखवले की चेतासंस्था आधी लहान चेतापेशींना कामाला लावते आणि जोर वाढवावा लागला तरच मोठ्यांना. लहान चेतापेशी ज्या तंतूंना हुकूम देतात, ते प्राणवायूवर चालणारे, न दमणारे, मंदगती तंतू असतात. मोठ्या चेतापेशींच्या ताब्यात जलदगती तंतू असतात. ते जोरकस असतात, लवकर दमतात आणि व्यायामाने जाड होण्याची क्षमता त्यांच्यात जास्त असते. हलके वजन उचलताना मंदगती तंतूच पुरतात. जलदगती तंतूंना जागे करायचे, तर एरवी जड वजन लागते.

पट्टा हा क्रम मोडत नाही; तो लवकर पुढे सरकवतो. रक्त कमी आल्याने प्राणवायूचा पुरवठा आटतो आणि मंदगती तंतू नेहमीपेक्षा फार आधी थकतात. वजन तेवढेच असले, तरी ते उचलत राहण्यासाठी चेतासंस्थेला राखीव जलदगती तंतू बोलवावे लागतात. त्यातच शिरांमधला परतीचा मार्ग अडलेला असल्याने लॅक्टेट, हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट स्नायूतच साठतात. त्यामुळे आधीच कामात असलेल्या तंतूंचे आकुंचन आणखी कमजोर होते आणि आणखी तंतूंना उतरावे लागते. व्यायाम चालू असताना जाणवणारी तीव्र जळजळ ही याच साठवणीची खूण. म्हणजे दहा किलो वजनावर स्नायूच्या आत जे घडते, ते एरवी तीस किलोंवर घडले असते. सांध्यावर, कूर्चेवर आणि टाक्यांवर मात्र भार दहा किलोंचाच पडतो.

तंतू कामाला लागले, एवढ्याने स्नायू वाढत नाही. नवे प्रथिन तयार व्हावे लागते. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथल्या संशोधकांनी २००७ साली दाखवले की कमाल क्षमतेच्या २० टक्के वजनाने, पट्टा बांधून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम केल्यावर काही तासांत मांडीच्या स्नायूतली प्रथिननिर्मिती ४६ टक्क्यांनी वाढली. तोच व्यायाम, तेच वजन, पण पट्टा नाही, तेव्हा ही वाढ झाली नाही. जड वजनामुळे पेशीतली एमटॉर नावाची जी संदेशसाखळी जागी होते, तीच इथेही जागी झाली होती. पुढे याच गटाने रॅपामायसिन हे औषध देऊन ती साखळी रोखली, तेव्हा पट्टा बांधूनही प्रथिननिर्मिती वाढली नाही. ही साखळी निर्णायक आहे, हे त्यावरून पक्के झाले. रक्त साचल्याने पेशी फुगतात, हाही वाढीचा एक इशारा असावा, असे मानले जाते. त्याचा पुरावा इतका भक्कम नाही. डेन्मार्कमधल्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या बीएफआर व्यायामानंतर स्नायूच्या राखीव मूळपेशींची संख्या लक्षणीय वाढलेली दिसली.

वाढ संप्रेरकाची कथा वेगळी आहे. ताकाराडा यांच्या २००० सालच्या एका प्रयोगात पट्ट्यासह व्यायाम केल्यानंतर रक्तातले वाढ संप्रेरक विश्रांतीच्या पातळीच्या सुमारे २९० पट झाले होते. हा आकडा इतका डोळ्यांत भरणारा होता की आजही पट्टे विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तो दिसतो. परंतु व्यायामानंतर थोडा वेळ वर जाणारी संप्रेरके स्नायूंच्या वाढीला कारणीभूत ठरत नाहीत, असे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगांनी दाखवले आहे. पट्ट्याचा गुण त्या स्नायूत घडणाऱ्या बदलांत आहे. रक्तात चढलेले संप्रेरक दाखवून ही पद्धत विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

दुखापतीच्या बाबतीत सगळ्यात आधी प्रश्न येतो तो व्यायाम करताच येत नाही अशा दिवसांचा. ताकाराडा यांनी एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या सोळा रुग्णांवर प्रयोग केला. तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत अर्ध्या रुग्णांच्या मांडीला पट्टा बांधून पाच मिनिटे आवळायचा, तीन मिनिटे सोडायचा, असे पाच वेळा आणि दिवसातून दोनदा केले. कोणताही व्यायाम दिला नव्हता. दोन आठवड्यांनी या गटात गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचा छेद सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटला होता. पट्टा न बांधलेल्या गटात ही घट जवळपास २१ टक्के होती. आकडे भुरळ पाडणारे आहेत. पण २०१६ साली नॉर्वेत चोवीस खेळाडूंवर याच धर्तीचा प्रयोग झाला, त्यात पट्ट्यासोबत हलक्या हालचालीही दिल्या होत्या आणि दोन्ही गटांत स्नायू सारखाच घटला. त्यामुळे नुसता पट्टा बांधून झीज थांबते, असे आज ठामपणे म्हणता येत नाही. छोट्या प्रयोगांवर उपचार ठरवताना किती सांभाळून राहावे लागते, हे या दोन निकालांवरून दिसते.

हालचाल शक्य झाली की चित्र बरेच स्पष्ट होते. जपानमधल्या २००६ सालच्या एका अभ्यासात निरोगी तरुणांनी मांड्यांना पट्टे बांधून ट्रेडमिलवर मिनिटाला ५० मीटर या निवांत गतीने दिवसातून दोनदा चालण्याचा व्यायाम केला. तीन आठवड्यांत त्यांच्या मांड्यांचे स्नायू ४ ते ७ टक्क्यांनी वाढले आणि ताकद ८ ते १० टक्क्यांनी. एरवी इतक्या हळू चालण्याने निरोगी तरुणाच्या स्नायूंत काही फरक पडत नाही. नुकतीच कुबडी सोडलेल्या रुग्णाला चालता येते, पण वजन उचलता येत नाही. त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे.

वजनासह व्यायामाचा सर्वांत उपयोगी पुरावा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळतो. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या २८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने कमाल क्षमतेच्या ७० टक्के वजनाने लेग प्रेस केला, दुसऱ्याने पट्टा बांधून ३० टक्के वजनाने. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. शेवटी स्नायूंची जाडी आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. फरक पडला तो गुडघ्यात: पट्ट्याच्या गटात दुखणे कमी, सूज कमी आणि गुडघ्याची हालचाल अधिक मोकळी. ज्या रुग्णाचा गुडघा प्रत्येक जड सत्रानंतर दोन दिवस सुजतो, त्याला पुढच्या सत्राला वेळेवर येता येते की नाही, हे इथे ठरते. पुनर्वसन बहुतेक वेळा अशा चुकलेल्या सत्रांमुळे रखडते.

गुडघ्याच्या संधिवातातही असाच अनुभव आहे. ब्राझीलमध्ये ४८ स्त्रियांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. ८० टक्के वजनाने व्यायाम करणाऱ्या आणि पट्ट्यासह ३० टक्के वजनाने करणाऱ्या स्त्रियांची ताकद आणि स्नायू जवळपास सारखे वाढले. पट्टा न बांधता ३० टक्के वजन उचलणाऱ्या तिसऱ्या गटाला तेवढा लाभ झाला नाही. जड वजनाच्या गटातल्या चौघींना व्यायामामुळे दुखू लागल्याने चाचणी सोडावी लागली. मेलबर्नमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखणाऱ्या ७९ जणांचे पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय व्यायाम करणारे असे दोन गट केले. आठ आठवड्यांनंतर रोजच्या हालचालींतल्या वेदनेत पट्ट्याच्या गटाला जास्त आराम मिळाला. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गट सारखेच होते.

अमेरिकेत ही पद्धत रुजली ती लष्करामुळे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या ‘सेंटर फॉर द इंट्रेपिड’ या पुनर्वसन केंद्रात इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत स्फोटांनी जखमी झालेले सैनिक येत. अनेकांचा पाय शस्त्रक्रियांनी वाचवलेला असे, पण मांडीत ताकद उरलेली नसे आणि जोडलेल्या हाडांवर भार टाकणे धोक्याचे असे. फिजिओथेरपिस्ट जॉनी ओवेन्स यांनी शस्त्रक्रियागृहात वापरल्या जाणाऱ्या टूर्निकेटचे तंत्र तिथे व्यायामासाठी आणले. तिथून ते अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचले. लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, अमेरिकेचा जलतरणपटू मायकल अँड्र्यू दंडांना पट्टे बांधलेला दिसला आणि जगभर कुतूहल वाढले.

कुतूहल वाढले तसा एक गैरसमजही पसरला: पट्टा आवळला की कोणताही व्यायाम अधिक फलदायी होतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एसीएलच्या रुग्णांना ७० टक्के वजनाच्या लेग प्रेसबरोबर पट्टाही बांधला. जादा लाभ काहीच झाला नाही. हे अपेक्षितच होते, कारण जड वजन उचलताना जलदगती तंतू आधीच कामाला लागलेले असतात. पट्ट्याची गरज हलक्या वजनाला आहे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर स्नायूंची जाडी दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखी वाढते, पण ताकद जड वजनाने अधिक वाढते. ताकद केवळ स्नायूच्या आकारातून येत नाही. जोर लावण्याचे कसब चेतासंस्थेला शिकावे लागते आणि ते जोर लावल्यानेच येते. बीएफआर हा जड व्यायामापर्यंत पोहोचण्याचा पूल आहे, त्याच्या जागी बसणारा पर्याय नव्हे. ज्याला जड वजन सोसते, त्याने जड वजनच उचलावे.

आता दाबाबद्दल. बीएफआर शास्त्रशुद्ध आहे की अंधारातला प्रयोग, हे इथेच ठरते. सुरुवातीच्या अभ्यासांत सर्वांना एकच दाब दिला जाई, उदाहरणार्थ २०० मिलिमीटर पारा. पण जाड मांडीत धमनी खोल असते, तिला दाबायला जास्त दाब लागतो. बारीक मांडीत तोच दाब रक्त पूर्ण थांबवू शकतो. रक्तदाब जास्त असेल, तर आणखी फरक पडतो. सर्वांत मोठा फरक पट्ट्याच्या रुंदीचा. एका अभ्यासात मांडीतला रक्तप्रवाह पूर्ण थांबवायला साडेतेरा सेंटिमीटर रुंद पट्ट्याला सरासरी सुमारे १४५ मिलिमीटर दाब पुरला, तर पाच सेंटिमीटरच्या अरुंद पट्ट्याला २३५ च्या आसपास लागला. म्हणून एकाच्या पट्ट्यावरचा आकडा दुसऱ्याला सांगणे निरर्थक आहे.

योग्य रीत अशी. व्यायामाला वापरायचा तोच पट्टा बांधून रुग्णाला शांत बसवतात किंवा निजवतात. घोट्याजवळ किंवा मनगटाजवळ डॉप्लर यंत्राची कांडी धरून धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकतात आणि पट्ट्यात हळूहळू हवा भरतात. आवाज पूर्ण बंद होतो, तो दाब म्हणजे त्या माणसाचा, त्या पट्ट्याने मोजलेला, पूर्ण रोधाचा दाब. व्यायामाच्या वेळी त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. दंडाला साधारण खालच्या टोकाचा, मांडीला वरच्या टोकाकडचा. काही महागडी यंत्रे हा दाब स्वतःच मोजतात आणि व्यायाम चालू असताना स्नायू फुगला-आक्रसला तरी दाब कायम राखतात. यंत्र महाग की साधे, यापेक्षा मोजणी झाली की नाही, हे महत्त्वाचे. हाताने डॉप्लर लावून केलेली मोजणी यासाठी पुरेशी आहे.

सत्राचा सर्वाधिक वापरला जाणारा आराखडा पंच्याहत्तर आवर्तनांचा आहे: पहिल्या सेटमध्ये ३० आणि पुढच्या तीन सेटमध्ये प्रत्येकी १५. मध्ये ३० ते ६० सेकंदांची विश्रांती, पण पट्टा न सोडता. एक व्यायाम पाच-सहा मिनिटांत संपतो, मग हवा सोडून स्नायूला रक्त भरू देतात आणि हवा असल्यास दुसरा व्यायाम घेतात. आठवड्यातून दोन ते तीन सत्रे आणि किमान तीन आठवडे, हे सर्वसाधारण वेळापत्रक. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या काळात थोड्या दिवसांसाठी रोज एकदा किंवा दोनदाही दिले जाते. दुखऱ्या पायाची कमाल क्षमता प्रत्यक्ष मोजता येत नसल्याने वजन अनेकदा चांगल्या पायावरून किंवा दहा वेळा उचलता येणाऱ्या वजनावरून अंदाजाने ठरवतात.

रुग्णाला आधी नीट सांगितले पाहिजे की हे सुखाचे नाही. दुसऱ्या सेटपासून मांडी भरून येते, पेटल्यासारखी वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या सेटमध्ये हलके वजनही उचलवत नाही. ही जळजळ स्नायूत असते आणि पट्टा सोडल्यावर झपाट्याने उतरते. सांध्यात दुखणे, पायात बधिरपणा किंवा विजेसारखी कळ, पाऊल पांढरेफटक किंवा गार पडणे, चक्कर, यांपैकी काहीही झाले की हवा ताबडतोब सोडायची. पहिल्या सत्रात दाब आणि आवर्तने दोन्ही कमी ठेवणे शहाणपणाचे असते.

रक्त अडवायचे म्हटल्यावर गुठळीची भीती स्वाभाविक आहे. जपानमधल्या १०५ केंद्रांच्या पाहणीत, ज्यात साडेबारा हजारांहून अधिक लोक होते, पट्ट्याखाली त्वचेत रक्त साकळण्याचे प्रमाण १३ टक्के आढळले, तात्पुरत्या बधिरपणाचे सव्वा टक्क्याच्या आसपास, शिरेत गुठळी होण्याचे ०.०५५ टक्के आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याचे ०.००८ टक्के. प्रशिक्षित देखरेखीखाली हा धोका लहान आहे. पण पाहणीतली सगळी केंद्रे ही पद्धत शिकलेल्यांची होती. बाजारातले लवचीक पट्टे घरी अंदाजाने आवळणाऱ्यांना हे आकडे लागू होत नाहीत. लवचीक पट्ट्याने किती दाब पडतो, हे बांधणाऱ्याला कळतच नाही. आणखी एक गंभीर धोका स्नायुपेशी फुटण्याचा, म्हणजे ऱ्हॅब्डोमायोलिसिसचा आहे. फुटलेल्या पेशींतली प्रथिने रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतात. बराच काळ व्यायाम नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दम संपेपर्यंत हा व्यायाम केला, तर असे घडू शकते. दोन दिवसांनीही न उतरणारी तीव्र वेदना, सूज आणि चहाच्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे.

काहींना हा व्यायाम देऊच नये, काहींना डॉक्टरांच्या संमतीशिवाय देऊ नये. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेले, धमन्यांचा आजार असलेले, अनियंत्रित रक्तदाबाचे, गर्भवती, मांडीत किंवा दंडात जंतुसंसर्ग असलेले, डायलिसिससाठी हातात फिस्टुला असलेले आणि स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसीकाग्रंथी काढलेल्या स्त्रिया या यादीत येतात. महाराष्ट्रात एक बाब आवर्जून विचारायला हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. प्राणवायू कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. पट्ट्याखाली नेमकी तीच परिस्थिती निर्माण होते. सिकलसेलचा रुग्ण असो की वाहक, पट्टा बांधण्याआधी रक्ततपासणीचा अहवाल पाहणे आवश्यक आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर बधिरपणाची सूचनाच मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत पोटरीत गुठळीची शंका असेल, तर ती आधी सोनोग्राफीने दूर करावी.

पुनर्वसनात बीएफआरची जागा टप्प्याटप्प्याने बदलत जाते. अंथरुणावर असताना नुसता पट्टा, किंवा पट्टा बांधून मांडी आवळण्याचा व्यायाम. पायावर भार देता येऊ लागला की पट्ट्यासह चालणे किंवा सायकल. मग हलक्या वजनाचे लेग प्रेस आणि गुडघा सरळ करण्याचे व्यायाम. एसीएलच्या रुग्णात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादा इथेही पाळायच्या असतात, कारण पट्ट्यामुळे वजन हलके झाले, तरी गुडघा कोणत्या कोनात किती ताणायचा, हे निर्बंध बदलत नाहीत. त्यानंतर आठवड्यातले एखादे सत्र पट्ट्याशिवाय आणि थोड्या जड वजनाने घेतात. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही आणि दुखला नाही, तर वजन वाढवतात आणि पट्ट्याची सत्रे कमी करतात. कमाल क्षमतेच्या ६० ते ७० टक्के वजन अशा प्रकारे सोसू लागले की पट्टा बंद करतात. पुढचे महिने जड वजन, उड्या, धावणे आणि दिशा बदलण्याच्या सरावाचे असतात. मैदानावर परतण्याची परवानगी दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावर आणि शस्त्रक्रियेला साधारण नऊ महिने झाल्यावर दिली जाते.